भाकरी जाड नव्हती

गेल्या महिन्यात आमच्या घरी चार छापील पानं तपासायला आली. एका महिला मंडळानं माझ्या बायकोचा सत्कार ठरवला होता. त्यानिमित्त ते एक पुस्तिका काढणार होते आणि तिच्यावरचा लेख त्यात होता. 'सरांनी शुद्धलेखन बघून द्यावं' अशी चिठ्ठी वर टाचलेली. मी आयुष्यभर गणित शिकवलं, मराठी नाही; पण निवृत्त मास्तर म्हटला की त्याला सगळंच येतं असं लोक धरून चालतात. पेन घेऊन बसलो. दुसऱ्या पानावर वाक्य होतं, 'या यशामागे त्यांच्या पतीची खंबीर साथ आहे.' वाक्यात शुद्धलेखनाची एकही चूक नव्हती. मी पुढच्या ओळीवर गेलो.

असं पुढच्या ओळीवर जाणं मी पंचवीस वर्षं करत आलो आहे. आता मी सत्त्याहत्तर वर्षांचा आहे आणि त्या वाक्याचा मला एवढा संताप आला आहे की लिहून काढल्याशिवाय गत्यंतर नाही. ज्यांनी ते छापायला घेतलं त्यांच्यावर राग नाही. त्यांना जे सांगितलं गेलं ते त्यांनी लिहिलं. सांगणारी माझी बायको. आणि तिच्याकडून खोटं वदवून घेणारा मी.

तिचा धंदा कडक भाकरीचा. सोलापूरकरांना ही काय चीज आहे ते सांगायला नको, बाहेरच्यांसाठी सांगतो. ज्वारीचं पीठ कढत पाण्यात मळायचं, भाकरी होईल तितकी पातळ थापायची, तव्यावर भाजायची आणि मग मंद आचेवर फडक्यानं दाबत दाबत तिच्यातलं पाणी पार घालवायचं. अशी भाकरी महिनाभर टिकते. मोडली की कट्ट वाजते. बायको हे तिच्या आईकडून शिकली, मंगळवेढ्याच्या बाजूच्या एका खेड्यात, चुलीपुढं बसून. आज तिच्या पत्र्याच्या शेडात चौदा बायका थापायला बसतात. तिची भाकरी इतकी पातळ असते की उजेडाला धरली तर मागच्या बोटांची सावली दिसते. लोक विचारतात, एवढी पातळ कशी जमते? मग ती आपली गोष्ट सांगते.

ती गोष्ट मी इतक्यांदा ऐकली आहे की तिच्या श्वासासकट पाठ आहे. बचत गटांच्या मेळाव्यात, ग्रामपंचायतीच्या सभागृहात, एकदा तर एका कॉलेजात. ती उभी राहते, पदर सारखा करते आणि म्हणते, "माझा पयला माल नापास झाला हुता. पुण्याच्या दुकानदाराचा फोन आला. भाकरी जाड हाय, मोडती, नको म्हणाला. फोन आमच्या यांनी घेतला हुता. दुसरा कुणी नवरा असता तर बायकोला वाईट वाटंल म्हणून गोड बोलला असता. यांनी तोंडावर खरं सांगितलं. दोन दिवस रडले मी. मग म्हटलं, जाड हाय तर पातळ करू की. घाबरून कुटं जायाचं?"

बायका टाळ्या वाजवतात. पहिल्या रांगेत बसलेल्या माझ्याकडे वळून बघतात. मी हात जोडतो.

तो फोन तसा नव्हता. भाकरी जाड नव्हती.

झालं होतं असं. तेव्हा मी एका खाजगी शाळेत शिक्षक होतो. बायको घरच्यापुरती कडक भाकरी करायची आणि नातलगांनी मागितली की बांधून द्यायची. तिच्या एका मावसभावाची पुण्याला जा-ये असायची. तो म्हणाला, माझ्या ओळखीचा एक किराणा दुकानदार आहे, घरगुती पदार्थ ठेवतो, नमुना दे. तिनं चार पुडकी केली. मला तिनं विचारलं नाही, सांगितलं. मी हो म्हणालो नाही आणि नाहीही म्हणालो नाही. ही माझी जुनी पद्धत.

माझी आई तेव्हा आमच्याकडे होती. आमच्या घरात भाकरी मोजत नसत. जेवणाऱ्याच्या पानात किती पडल्या ते मोजू नये, मोजलं की घरातली बरकत जाते, असं आई मानायची. सासूचा मान राखायचा म्हणून बायकोनं पुडक्यातल्या भाकऱ्यासुद्धा मोजल्या नाहीत. चवड रचायची, बाजूला चार बोटं लावून तेवढी उंच झाली की कागदात गुंडाळायची. आई हे बघत शेजारी बसलेली असायची आणि कागदाची टोकं धरायची. हे मुद्दाम सांगतो, कारण पुढं मी कित्येकांना सांगितलं की आमच्या आईला भाकरी विकणं पसंत नव्हतं. आई तसं कधीही म्हणाली नाही. मोजू नको एवढंच ती म्हणायची. विकू नको हे मी तिच्या तोंडी घातलं, आणि ती गेल्यावर तर जास्तच बिनधास्त घातलं.

पुण्याहून फोन आला तो रविवार होता, सकाळचे अकरा वाजले असतील. बायको ज्वारी घेऊन गिरणीत गेली होती. आई अंगणात होती. मी फोन उचलला.

"वहिनी आहेत का?" पलीकडून एक माणूस.

"बाहेर गेल्यात. मी त्यांचे यजमान."

"बरं झालं भेटलात. अहो, काय भाकरी आहे ती. चारातली तीन पुडकी आमच्या घरातच संपली. चौथं दुकानात ठेवलं तर तासाभरात गेलं. आपल्याकडचे बरेच लोक आहेत इकडं, ते शोधत असतात. दर आठवड्याला वीस पुडकी पाठवतील का, विचारता त्यांना? आणि हो, एकात दहा निघाल्या, एकात अकरा. मोजून भरा म्हणावं, त्यांचंच नुकसान होतं."

मी म्हणालो, "ते आता बंद केलंय."

"बंद? परवा तर आला माल."

"हौस म्हणून केलं होतं. घरात म्हातारी आई आहे, तिचं सगळं बघावं लागतं."

"वहिनींना एकदा विचारून सांगता का?"

"त्यांनीच सांगितलंय."

"मग काय बोलणार. पण त्यांना निरोप द्या, भाकरी एक नंबर होती."

तो निरोप मी दिला नाही.

बायको गिरणीतून पिठाचा डबा कमरेवर घेऊन आली तशी आई म्हणाली, "फोन वाजत हुता मगाशी." आई बोलली नसती तर मी काहीच सांगितलं नसतं. बायकोनं माझ्याकडे बघितलं.

"पुण्याचा होता," मी म्हणालो. "नको म्हणाले."

"का?"

आता हा 'का' मला अपेक्षित नव्हता. वर्गात मी कुणाचेही गुण कारण लिहिल्याशिवाय कापले नाहीत, याचा मला मोठा अभिमान होता. कारण द्यायची ती सवय अशा वेळी कामाला आली. म्हणालो, "जाड आहे म्हणाले. मोडते."

तिनं डबा खाली ठेवला. टोपलीतली एक भाकरी घेऊन दोन बोटांत धरली, कडेनं बघितली. आणि म्हणाली, "व्हय, जाडच हाय."

तिनं एका क्षणात विश्वास ठेवला. माझ्यावर आणि स्वतःच्या नालायकीवर.

मी कशाला भ्यालो होतो ते आता सरळ लिहितो. आमच्या शाळेत एक शिक्षक होते, त्यांची बायको चार मुलांना डबे देत असे. शिक्षकांच्या खोलीत त्यांना 'खानावळवाले' म्हणत. ते आत आले की कुणीतरी विचारायचं, "आज भाजी काय?" हसणाऱ्यांत मी होतो. चांगला मोठ्यानं हसायचो. उद्या मला 'भाकरीवाले' म्हणतील, एवढ्या भीतीनं मी फोनवर खोटं बोललो. या भीतीला मी त्या वेळी भीती म्हणत नव्हतो. तिला प्रतिष्ठा म्हणत होतो, घरचं वळण म्हणत होतो, आईची पसंती म्हणत होतो. भेकड माणसाकडे शब्दांचा तुटवडा नसतो.

पण हेही पुरतं खरं नाही. शिक्षकांची खोली हे वरचं कारण. आमच्या त्या फोनवर, माहेरचा सोडला तर, त्या दिवसापर्यंत बायकोसाठी कुणाचाही फोन आला नव्हता. त्या माणसाला मी नको होतो. तो माझ्याशी बोलत होता ते ती घरात नव्हती म्हणून. ती पिठाच्या डब्याचं ओझं घेऊन उन्हातून येत होती, आणि पुण्यातला एक अनोळखी माणूस तिचं कौतुक करायला तिला शोधत होता. ते मला सहन झालं नाही. बस, एवढंच.

पुढची दोन वर्षं ती भाकरी पातळ करत राहिली. पहाटे थापण्याचा आवाज सुरू व्हायचा. पातळ भाकरी परातीतून उचलताना फाटते, तव्यावर टाकताना दुमडते, दाबताना तडकते. तडकली की ती दुसरा गोळा घ्यायची. बोटांची टोकं भाजून कडक झाली. मी शाळेत जाताना ती हात पाण्यात बुडवून बसलेली असायची आणि मी विचारायचो, "कशाला एवढा जीव काढतेस?" असं विचारायला मला लाज वाटली नाही. त्या दोन वर्षांत आमच्या पानात अख्खी भाकरी आली नाही. नुसते तुकडे. आमटीत तुकडे, दह्यात तुकडे, चहाबरोबर तुकडे. माझ्या खोटेपणाचा चुरा मी रोज दोन वेळा चवीनं खात होतो आणि वर म्हणत होतो, मीठ बरोबर आहे.

तिसऱ्या वर्षी गावात बचत गटांचं प्रदर्शन भरलं. तिनं अर्ज स्वतः भरला आणि टेबल मिळवलं. पाच दिवस मी शाळेतून लांबच्या रस्त्यानं घरी आलो, त्या मैदानावरून जावं लागू नये म्हणून. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी तिचा सगळा माल संपला होता आणि ती घरी येऊन पुन्हा पीठ मळत होती. खूप पुढं मी एकदा विचारलं, तेव्हा भीती वाटली नव्हती का? म्हणाली, "लई. पण आता जाड न्हवती ना."

इथं कुणीतरी शहाणा माणूस म्हणेल की, मग चांगलंच झालं. मास्तरांच्या खोट्यामुळं भाकरी पातळ झाली, पातळ झाली म्हणून गाजली. हा हिशोब मीही वर्षानुवर्षं मनात मांडून बघितला आहे, आणि आज त्याची मला किळस येते. पुण्याच्या माणसाला दर आठवड्याला वीस पुडकी हवी होती, आहे त्याच भाकरीची. पातळ तिला पुढं कधीतरी करावीशी वाटली असती तर तिनं केली असती, हौसेनं केली असती. अपमान गिळून नव्हे. माणसाला विहिरीत ढकलायचं आणि तो पोहून वर आला की म्हणायचं, बघा, मी पोहायला शिकवलं. असल्या शिक्षकाला शाळेत ठेवू नये.

प्रदर्शनानंतर मोठी मागणी आली. मग जागा, मग विजेची जोडणी, मग कार्यालयातले साहेब. पहिल्यांदा ती साहेबापुढं उभी राहिली तेव्हा तिला स्वतःचं नाव सांगायला वेळ लागला, साहेब म्हणाला, "नवऱ्याला पाठवा." ती म्हणाली, "ते शाळेत असतेत. धंदा माझा हाय." हे तिनं घरी येऊन मला सांगितलं आणि हसली. मी नाही हसलो. पुण्याच्या त्या दुकानदाराची मात्र मला कायम धास्ती होती. मावसभावाला मी तेव्हाच बजावलं होतं, तिनं ते बंद केलंय, तिच्यापुढं पुण्याचा विषय काढू नकोस. ती कधी पुण्याला गेली, त्या माणसाला भेटली, तर? मग एक दिवस मावसभाऊ सांगत आला की ते दुकान बंद पडलं, मालक वारले. मला हायसं वाटलं. एक भला माणूस मेला, ज्यानं माझ्या बायकोच्या हाताला सगळ्यात आधी एक नंबर म्हटलं तो, आणि मी चहा मागितला.

निवृत्त झालो आणि तिचे अर्ज लिहू लागलो, पत्रं लिहू लागलो, शेडबाहेर खुर्ची टाकून बसू लागलो. तोवर धोका सगळा टळला होता. तिला गावात मान होता, आणि तिच्या मानातला थोडा मला मिळत होता. त्यावरून लोकांनी ठरवलं की मी पहिल्यापासून पाठीशी होतो. मी दुरुस्ती केली नाही.

पुस्तिकेची पानं आली त्याच्या दुसऱ्याच दिवशी दुपारी शेडबाहेर एकजण मोटरसायकल लावून थांबला होता. आमच्याकडे थापायला येणाऱ्या एका बाईचा नवरा, तिशीचा. सांगोल्याकडचा, चिंचोळी एमआयडीसीत कामाला. बायकोला न्यायला आला होता. ती गावाकडे जाऊन स्वतःचं काम काढायचं म्हणत होती, ते आम्हाला ठाऊक होतं. माझ्या बायकोनंच तिला तयार केलं होतं.

"सर, एक इचारू का?" तो म्हणाला.

"विचार."

"तुमी कसं काय हुबा ऱ्हायला काकूंच्या पाठीशी? आमच्यात तर गडी माणसाला लई अवघड जातंय बघा."

तो गाडीवरच बसला होता, जरा पुढं वाकला, पुरुष पुरुषाला सांगतो तशा आवाजात म्हणाला, "परवा तिच्या मोबाइलवर फोन आलता. कुठल्या हॉटेलवाल्याचा. भाकरी द्याल का म्हणून. ती आंघोळीला गेलती, मी उचलला. म्हटलं, राँग नंबर." आणि हसला.

मी हसलो नाही.

"हसत न्हाय व्हय सर? तुमच्या टायमाला असलं काय झालं न्हाय वाटतं."

"का म्हणालास तसं?"

तो आरशावरची धूळ अंगठ्यानं पुसत बसला. मग म्हणाला, "भ्या वाटतंय सर. आत्ता घर माझ्या पगारावर हाय. उद्या तिचा फोन दिवसातनं धा बारी वाजाय लागला म्हंजी मी कोण? गाडीवर आणाय-सोडाय येणारा."

पंचवीस वर्षं माझ्या जिभेवर जे आलं नाही ते त्यानं गाडीवर बसल्या बसल्या सांगून टाकलं. मला त्याचा राग आला, हेवाही वाटला. मी म्हणालो, "आज घरी गेल्यावर तिला सांग. तो नंबर काढून दे."

"चिडंल की ती."

"चिडू दे."

"तुमी असता तर सांगितलं असतं काकूंना?"

तेवढ्यात त्याची बायको बाहेर आली, त्यानं गाडी चालू केली आणि मला उत्तर द्यावं लागलं नाही. याचंसुद्धा मला त्या क्षणी बरं वाटलं. आणि तेच ओळखीचं होतं. मी अजून तोच होतो. फोनजवळचा.

दुसऱ्या दिवशी शेडला सुट्टी होती. बायको चटणीसाठी परातीत शेंगदाणे निवडत बसली होती. मी समोर बसलो.

"तो पुण्याचा फोन," मी म्हणालो.

"कुठला?"

"पहिला. दुकानदाराचा. तो नको म्हणाला नव्हता."

तिचा हात परातीत थांबला. "मग काय म्हणाला?"

मी सांगितलं.

"असं न्हाय. शब्दाला शब्द सांगा."

मी शब्दाला शब्द सांगितलं. तीन पुडकी घरात संपली, चौथं तासाभरात गेलं, दर आठवड्याला वीस, एकात दहा एकात अकरा. हे सगळं मला इतक्या वर्षांनी इतकं लख्ख आठवत होतं, याचाच तिला जास्त धक्का बसला असावा. ती म्हणाली, "एक नंबर म्हणाला?"

"एक नंबर."

"जाड म्हणाला न्हाय?"

"नाही. जाड मी म्हणालो."

ती पुन्हा दाणे निवडू लागली. मला वाटलं ती आता त्या ऑर्डरबद्दल बोलेल, वाया गेलेल्या दोन वर्षांबद्दल बोलेल. त्याची मी तयारी करून बसलो होतो. ती म्हणाली, "माझी आई आली हुती त्या दिवाळीला."

मला काही कळलं नाही.

"पीठ मळायला बसली. मी तिच्या हातातनं परात काढून घेतली. म्हटलं, तुझा हातच जाड हाय, आई. तू शिकवलंस तसं केलं म्हणून माझा माल परत आला." तिचा आवाज अगदी साधा होता. "ती हसली. मग भिंतीला टेकून बसली. त्याच्या फुडं आपल्या घरात तिनं भाकरी केली न्हाय. गावाला जाताना यष्टीत बसली आणि खिडकीतनं मला म्हणाली, मला कुणी सांगितलंच न्हाय गं, जाड हुती म्हणून."

पुढच्या वर्षी तिची आई गेली. हे मला ठाऊक होतं. परातीचं ठाऊक नव्हतं. मी एका पुण्याच्या दुकानदाराला खोटं सांगितलं होतं, बायकोला खोटं सांगितलं होतं, एवढाच माझ्या गुन्ह्याचा आवाका आहे असं मी धरून चाललो होतो. साठ वर्षं भाकरी थापलेली एक बाई आपला हात वाईट आहे असं समजून मेली, तीही माझ्यामुळं.

मी म्हणालो, "माझं चुकलं."

"गणितात चुकतं," ती म्हणाली. "हे चुकलं न्हाय."

मग ती उठली, परत बसली. "आणि मी गावोगाव बायकांपुढं हुबी ऱ्हाऊन सांगते, माझा माल नापास झाला हुता. यांनी खरं सांगितलं. सगळं खोटं सांगत फिरले मी."

"तुला माहीत नव्हतं."

"त्या बायकांना कुटं माहीत हाय, मला माहीत न्हवतं ते?"

त्यानंतर दोन दिवस ती माझ्याशी बोलली नाही. जेवायला वाढत होती. तिसऱ्या दिवशी पुस्तिकेची ती चार पानं माझ्यापुढं ठेवली आणि म्हणाली, "हे वाक्य काढा. आणि लिवा काय झालं ते. तोंडानं सांगू नका कुणाला. तोंडानं सांगताना तुमी गोड करता."

मी वाक्य खोडलं. मंडळाच्या बाईंचा फोन आला, सर, तेवढं वाक्य का काढलं, चांगलं होतं की. मी म्हणालो, ते खरं नाही. त्यांना वाटलं माझा विनय. विनय! पुरुषानं एकदा खरं बोलायचं ठरवलं तरी त्याचंसुद्धा कौतुक करायला लोक टपलेले असतात.

सत्काराच्या दिवशी व्यासपीठावर माझ्यासाठी खुर्ची नव्हती. बायकोनं मंडळाला आधीच सांगितलं होतं, खुर्ची एकच ठेवा. मी पाचव्या रांगेत बसलो. ती उभी राहिली आणि नेहमीची गोष्ट सुरू करायच्या ठिकाणी थांबली. म्हणाली, "मी आजवर तुमास्नी सांगत आले, माझा पयला माल नापास झाला. तसं न्हाय. पास झाला हुता. माझ्या आईनं शिकवला तसाच केलता, आणि पास झाला हुता. मला ते कळू दिलं न्हाय. कुणी, ते घरातलं हाय. पण तुमाला कुणी सांगितलं तुमचा माल नापास झाला, तर एकदा स्वतः फोन करून इचारा."

सभागृहात कुणालाच टाळी कुठं वाजवायची ते कळलं नाही. एकदोन बायका माझ्याकडे वळून बघू लागल्या, पण पहिल्या रांगेत मी नव्हतो. बाहेर आल्यावर जुन्या ओळखीचे एक गृहस्थ जवळ आले. माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "सर, कशाला जुनं उकरायचं? शेवट गोड झाला ना." मी त्यांचा हात काढून बाजूला केला. शेवट कुणाचा गोड झाला? भिंतीला टेकून बसलेल्या त्या म्हातारीचा?

ती सांगोल्याची बाई महिनाअखेरीला आमचं काम सोडून गावी गेली. तिच्या नवऱ्यानं तिला तो नंबर दिला की नाही, मला माहीत नाही. शेवटच्या दिवशी तो आला, गाडी लांब लावून उभा राहिला, माझ्याकडे आला नाही. माझ्या बायकोनं तिला स्वतःचा तवा दिला आणि दारापर्यंत सोडायला गेली. दोघी बराच वेळ बोलत होत्या. काय, ते मी विचारलं नाही. आता विचारायचा मला हक्क नाही.

हे लिहून झाल्यावर मी बायकोला वाचायला दिलं. तिनं चष्मा लावून, प्रत्येक ओळीखालून बोट फिरवत, दीड तास लावून वाचलं. माझ्या भीतीबद्दल मी जिथं लिहिलं आहे तिथं मी आणखी एक वाक्य लिहिलं होतं: 'तो काळच तसा होता.' तिथं तिचं बोट थांबलं.

"हे काढा."

"खरंच तसा होता गं काळ."

"असंल. पण फोन काळानं उचलला न्हवता."

मी ते वाक्य काढलं आहे. बाकी जे आहे ते तिनं तसंच ठेवलं आणि शेडवर निघून गेली.